विदादच्या दारातल्या गाड्या

ऐन करझ गावात रस्ता जिथे संपतो, तिथे विदादचं घर. घरासमोर मार शल्लीताचं एवढंसं चर्च, चर्चपुढे छोटा चौक, आणि चौकाच्या पलीकडून डोंगरावर चढत जाणारी पायवाट. उन्हाळ्यात त्या चौकात चेरीच्या रिकाम्या पेट्या आणि सावलीला झोपलेली कुत्री सोडली तर काही नसायचं. बर्फ पडला की मात्र दर रविवारी बैरूतची माणसं यायची. रंगीबेरंगी जाकिटं घातलेली, हातात काठ्या, पायाला रॅकेटीसारख्या जाळ्या बांधलेली. चौकात गाड्या लावायची आणि डोंगर चढायला निघून जायची. संध्याकाळी गाल लाल करून परत येईपर्यंत त्या गाड्या म्हणजे विदादच्या दारापुढची भिंत.

तिने सगळे उपाय करून पाहिले होते. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'इथे गाडी लावू नये' लिहून पाहिलं. पुठ्ठा बर्फात भिजून पडला. दारापुढे दोन खुर्च्या मांडून ठेवल्या. एका रविवारी बाहेर येऊन बघते तर एक जोडपं त्याच खुर्च्यांवर बसून थर्मासमधला चहा पीत होतं. वर त्यातल्या बाईने, "खालती, किती छान सोय केली आहे तुम्ही," असं म्हणून तिचे आभारही मानले. खालती म्हणजे मावशी. चौकात गाडी लावणारा प्रत्येक पोरगा तिला खालतीच म्हणायचा, आणि तिचं डोकं तिथूनच फिरायला लागायचं.

खरी पंचाईत वेगळीच होती. गावचा बुलडोझर बर्फ ढकलत वर यायचा, पण त्याला वळून परत जायला तो चौक रिकामा लागायचा. चौकात गाड्या असल्या की मिल्हेम, म्हणजे बुलडोझर चालवणारा, खालच्या वळणावरूनच माघारी फिरायचा. मग वळणापासून विदादच्या दारापर्यंतचा रस्ता गुडघाभर बर्फात तसाच पडून राहायचा. जाता जाता मिल्हेम ढकललेल्या बर्फाचा ढीगही तिथेच ठेवून जायचा, तो वेगळा.

तिने नगरपालिकेच्या रईसला, म्हणजे अध्यक्षाला, फोन केला होता. रईस शुक्री तिच्या वर्गातला. हिवाळाभर समुद्रकाठी जुनियेच्या फ्लॅटमध्ये राहून तो गावचा कारभार बघायचा.

"उम्म राजी, अगं पर्यटन आहे ते," शुक्री म्हणाला होता. उम्म राजी म्हणजे राजीची आई; गाव तिला मुलाच्या नावानेच हाक मारायचं. "आपणच फेसबुकवर बोलावलंय त्यांना. फोटो बघितलेस का? सहाशे लोकांना आवडलाय."

"मग त्या सहाशे लोकांना सांग बर्फ काढायला."

"चिडू नकोस. डिझेल मिळालं की बघतो."

"तू बघणार कुठून? तुझ्या गच्चीतून समुद्र दिसतो."

त्या वर्षी विदादला हे सगळं सहन होत नव्हतं, त्याला कारण होतं. नवरा सिमआन जाऊन चार हिवाळे झाले होते. मुलगा राजी माँट्रियलला. घरात ती आणि मुलगी जुमाना. जुमाना आठवडाभर खाली समुद्रकाठच्या बत्रूनला शाळेत शिकवायची, तिथेच तिची वसीमशी ओळख झाली. मुलगा चांगला होता, पण त्याच्या घरच्यांनी रीतसर मागणी घालायला वर यायचं, तर बर्फामुळे दोनदा बेत रद्द झाला होता. दुसऱ्यांदा वसीमचे वडील नखले फोनवर म्हणाले होते, "तुमचं गाव उन्हाळ्यात फार सुंदर असेल, नाही?"

बोलणं साधं होतं, पण विदादला ते टोचलं ते टोचलंच. उन्हाळ्यात. म्हणजे उरलेल्या वर्षात इथे माणसं राहत नाहीत. म्हणजे ही पोरगी एकदा खाली गेली की तिच्या आईला भेटायला वर्षातून चार महिने. "येत्या रविवारी या," ती तिथल्या तिथे म्हणाली, "रस्ता दारापर्यंत मोकळा असेल. माझा शब्द."

शब्द देऊन बसली आणि शनिवारी बर्फ कोसळायला लागला.

रविवारी उजाडताच तिने मिल्हेमला उठवलं. "अरे मिल्हेम, आज वर आला नाहीस तर तुझं तोंड बघणार नाही. माझ्या पोरीला मागणी येतेय."

"चौक रिकामा आहे का?"

"आहे. आत्ता आलास तर आहे."

मिल्हेम आला. नुसता आला नाही, तर चौक असा झाडून काढला की खालचे दगड दिसायला लागले. विदादने त्याला कॉफीला आत बोलावलं. तिथेच तिची चूक झाली, असं ती नंतर कितीतरी वेळा म्हणाली. माणूस भल्या पहाटे थंडीत आलेला, त्याला तसाच कसा पाठवणार? कॉफी झाली, गरम रोटीवर झातरचा मसाला झाला, मग मिल्हेमने त्याच्या गुडघेदुखीची कथा काढली. ती रंगात आलेली असताना बाहेर दारं आपटल्याचे आवाज ऐकू आले.

विदाद खिडकीशी गेली. स्वच्छ झाडलेल्या रस्त्यावरून, एकामागून एक, गाड्या वर येत होत्या. इतका सुंदर रस्ता त्या लोकांना आजवर मिळाला नव्हता. ती वहाणा शोधून बाहेर पळेपर्यंत चौक भरलासुद्धा. सगळ्यात शेवटी आलेल्या राखाडी गाडीला जागा उरली नव्हती, तर तिच्या मालकाने ती चौकाच्या तोंडाशी, दोन दगडी भिंतींच्या मध्ये लावली, आणि जाळ्या बांधून तो निघूनही गेला. पायवाटेच्या पहिल्या चढावर रंगीत जाकिटांची रांग दिसत होती. विदादने हाका मारल्या. रांगेतल्या एकाने वळून प्रेमाने हात हलवला.

बुलडोझर आत अडकला होता.

मिल्हेम गाडीभोवती फिरला, टायरला पाय लावून बघितला. "ढकलून देऊ का बुलडोझरने?"

"आणि भरपाई कोण देणार? तू, मी की शुक्री?"

"मग बसतो," मिल्हेम म्हणाला, आणि खरंच आत जाऊन चुलीजवळ बसला.

तेवढ्यात परत भुरभुर सुरू झाली. बघता बघता चौकातले दगड पुन्हा पांढरे झाले. खालून एकेकाचे फोन यायला लागले. बेकरीवाल्याची गाडी चढावर अडकलेली, फादर बुत्रोस गावच्या दुसऱ्या टोकाला प्रार्थनेला जाणार होते ते घरात कोंडलेले. सगळे मिल्हेमला विचारत होते की तू आहेस कुठे, आणि मिल्हेम प्रत्येकाला शांतपणे सांगत होता, "उम्म राजीकडे कॉफी पितोय." विदादच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. सारं गाव आता तिच्याच नावाने बोटं मोडणार होतं.

जुमाना आतल्या खोलीतून फोन घेऊन आली. तिने नवा निळा ड्रेस घातला होता आणि चेहरा पडला होता. "ममा, ते गावात पोहोचलेत. शाळेपाशी गाडी घसरली. वसीमचे बाबा विचारतायत, बुलडोझर कधी येईल."

"काय सांगितलंस?"

"निघालाय म्हणून सांगितलं."

विदादने चुलीजवळच्या मिल्हेमकडे पाहिलं. तो बशीतला साखरी बदाम उचलत होता. पाहुण्यांसाठी काढलेल्या बशीतला. तिने सिमआनचे रबरी बूट चढवले, डोक्याला शाल गुंडाळली आणि म्हणाली, "त्या राखाडी गाडीवाल्याला घेऊन येते."

"ममा, डोंगरावर? या वयात?"

"वय घरात ठेवून जाते."

त्या पायवाटेने ती कित्येक वर्षांत गेली नव्हती. लग्न झालं तेव्हा वरच्या मेंढपाळांच्या झोपडीपर्यंत सिमआनचं जेवण घेऊन जायची. तेव्हा उन्हाळा असायचा आणि पाय हलके असायचे. आता माणसांनी तुडवून ठेवलेल्या वाटेवरही पाय मांडीपर्यंत आत जात होते. दर दहा पावलांवर ती थांबायची, श्वास घ्यायची आणि कोणाला तरी शिव्या घालायची. आधी राखाडी गाडीवाल्याला घातल्या, मग शुक्रीला. मग बर्फाला, मग मिल्हेमच्या गुडघ्याला. शेवटी सिमआनलाही घातल्या, की रस्त्याच्या टोकाला घर बांधायची अवदसा याला कुठून आठवली. तेवढ्यावर ती थांबली. शालीच्या टोकाने तोंड पुसलं आणि पुन्हा चालायला लागली.

झोपडीपाशी ते लोक सापडले. भिंतीच्या आडोशाला ओळीने बसून सँडविच खात होते. त्यांचा म्होरक्या नदीम नावाचा उंच माणूस, दाढीत बर्फ अडकलेला. तो दर रविवारी यायचा, विदाद त्याला चेहऱ्याने ओळखत होती.

"अहलान खालती," तो उठून म्हणाला. "तुम्ही इथे? चहा घ्या."

"चहा राहू दे. राखाडी गाडी कोणाची?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "ती रबीची," एक मुलगी म्हणाली. "पण तो पुढे गेला. पुढच्या गटाबरोबर. ते एव्हाना खिंडीपलीकडे उतरले असतील."

"पलीकडे? मग परत कधी येणार?"

"या वाटेने नाही येणार," नदीमने अवघडून सांगितलं. "आम्ही पलीकडच्या गावात उतरतो. संध्याकाळी मिनीबस आम्हाला गाड्यांपाशी सोडते."

"किल्ली?"

"त्याच्याच खिशात. आणि फोनला इथे रेंज नाही."

विदाद मटकन एका दगडावर बसली. एवढा डोंगर चढून आली होती, आणि गाडी संध्याकाळपर्यंत हलणार नव्हती. नदीम काहीबाही बोलत होता. की दुसरी जागाच नाही गाड्या लावायला, नगरपालिकेने स्वतःच हा चौक सुचवला होता, आम्ही तर कधी कचरासुद्धा टाकत नाही. त्यातलं खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच तिला अधिक राग येत होता.

"ऐक," ती म्हणाली. "तुझं म्हणणं ऐकलं, आता माझं ऐक. तुझ्या त्या रबीच्या गाडीमागे गावचा बुलडोझर अडकलाय. बुलडोझर अडकला म्हणून गाव अडकलंय. आणि माझ्या मुलीला मागणी घालायला समुद्रकाठची माणसं आलीयत, ती शाळेपाशी बर्फात उभी आहेत. मी त्यांना शब्द दिला होता. तुम्ही डोंगर बघायला येता ना? बघा. खुशाल बघा. मी इथून उठत नाही. संध्याकाळी बैरूतला निघालात की मला पण घेऊन चला, कारण घरी जाऊन मी त्या मुलाच्या आईला काय तोंड दाखवू?"

ती मघाची मुलगी उठली, सँडविच कागदात गुंडाळून पिशवीत कोंबत म्हणाली, "नदीम, लोकांना मागणीच्या दिवशी असं लटकवतात का? चल खाली."

"आणि खाली जाऊन काय करणार? किल्ली नाही."

"छोटीच तर गाडी आहे. आपण इतके जण आहोत. उचलू."

उतरताना दोघांनी विदादला दोन्ही बाजूंनी धरलं. तिला ते आवडलं नाही, पण तिने हात सोडवले नाहीत. त्या मुलीचं नाव तानिया. ती दातांची डॉक्टर होती आणि वाटभर विचारत राहिली की मुलगा काय करतो, सासूबाई कशा आहेत. "बघितलीच नाही अजून," विदाद म्हणाली. "आज बघणार होते."

चौकाच्या तोंडाशी येऊन त्यांनी गाडीला वेढा घातला. एव्हाना बुलडोझरच्या केबिनमध्ये जाऊन झोपलेला मिल्हेम खाली उतरला आणि कमरेवर हात ठेवून सूचना द्यायला लागला. एक, दोन, तीन म्हणत ते गाडी उचलायचे आणि वीतभर बाजूला टाकायचे. पुन्हा उचलायचे. एकदा कोणाचा तरी पाय घसरला आणि निम्मे लोक एकमेकांवर पडले. शेवटी गाडीचं नाक भिंतीकडच्या बर्फाच्या ढिगात खुपसलं गेलं आणि शेजारून बुलडोझर जाईल एवढी फट झाली. मिल्हेमने यंत्र सुरू केलं, खाली जाताना भोंगा वाजवला, आणि गावातल्या सगळ्यांनी तो ऐकला असेल.

"जा लवकर, शाळेपाशी जा," विदाद त्याच्यामागे ओरडली. "त्यांना सांग, रस्ता..." मग तिचं लक्ष स्वतःच्या फाटकाकडे गेलं. फाटकातून दारापर्यंत पावलांचे ठसे होते. दोन मोठ्या बुटांचे, एक छोटे टोकदार.

ते लोक चालत वर आले होते.

ती घरात शिरली तेव्हा तिची शाल ओली होती, केस सुटून तोंडावर आलेले, बुटांतून पाणी गळत होतं. चुलीशेजारी नखले बसले होते. सूट, टाय, आणि पायांत सिमआनचे जाड लोकरी मोजे. जुमानाने कपाटातून काढून दिले होते. ते मोजे विदादने स्वतः विणले होते. ती क्षणभर दारातच थबकली. त्या मोज्यांत दुसऱ्या कोणाचे पाय बघायची तिची तयारी नव्हती. शेजारी इव्हेत, नखलेंची बायको, विदादच्या सपाता घालून बसली होती. तिच्या बुटाची टाच टेबलावर वेगळी ठेवलेली होती. वसीम स्वयंपाकघरातून कॉफीचं तबक घेऊन येत होता, आणि त्याच्या नव्या शर्टावर काजळी लागली होती.

"माफ करा," विदाद म्हणाली. "मी शब्द दिला होता."

"उम्म राजी, खरं सांगू?" इव्हेत म्हणाली. बाई ठसठशीत होती, आवाजही तसाच. "अर्ध्या वाटेत मी यांना म्हटलं, परत फिरू. जिथे माणसाला बुलडोझरशिवाय जाता येत नाही तिथे सोयरीक नको. मला चालवेना, टाच मोडली, हे घसरून दोनदा पडले."

"मग का नाही फिरलात?"

"परत जायलाही तेवढंच चालावं लागलं असतं."

नखले हसले. मग जुमाना हसली, आणि विदादला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून ती आधी बूट काढायला बसली.

"इथे आलो तर ही मुलगी दारात फावडं घेऊन बर्फ काढत होती," इव्हेत पुढे म्हणाली. "निळा ड्रेस, त्यावर बापाचा कोट. मी विचारलं, आई कुठे? तर म्हणे, गाडीवाल्याला पकडायला डोंगरावर गेलीय. मी वसीमला म्हटलं, या घरात जरा सांभाळून राहा."

बाहेर खाकरण्याचा आवाज आला. फाटकाशी ते सगळे उभे होते, नदीम, तानिया आणि बाकीचे. निघावं की थांबावं न कळून, खांद्यांवर बर्फ साचत चाललेला. विदादने त्यांच्याकडे पाहिलं. या माणसांनी तिचे कितीतरी रविवार नासवले होते. यांना बाहेर उभं करून दार लावून घेण्याचं स्वप्न तिने अनेकदा पाहिलं होतं. पण ती ऐन करझची बाई होती. दारात आलेल्याला आत न बोलावता पाहुण्यांसमोर जेवायला बसणं तिला या जन्मात जमणार नव्हतं.

"या आत," ती कडवटपणे म्हणाली. "बूट बाहेर. माझ्या गालिच्यावर बर्फ आणलात तर बघा."

द्राक्षाच्या पानांच्या सुरळ्या आणि किब्बे, म्हणजे खिम्याचे वडे, मोजून पाहुण्यांपुरतेच केले होते, ते त्यांच्यासाठीच ठेवले. स्वयंपाकघरात तिने किश्कचं, म्हणजे वाळवलेल्या दही-गव्हाच्या सूपचं, मोठं पातेलं चढवलं. जितकी माणसं वाढली तितकं पाणी वाढवत गेली. ती सगळी गर्दी ओट्याला टेकून, जमिनीवर मांडी घालून, वाट्या फुंकत पीत होती.

मागणी घालायची ती रीतसरच घातली गेली. नखले मोज्यांत उभे राहिले, घसा साफ केला, आणि घोकून आणलेलं भाषण म्हणायला लागले. मध्येच विसरले तेव्हा इव्हेतने पुढचं वाक्य सांगितलं. सिमआनच्या जागी फादर बुत्रोस उत्तर देणार होते, पण ते अजून खालीच अडकलेले. मग विदादच उठली. "मुलगी तुमची," ती म्हणाली. "एकच अट. हिवाळ्यातही यायचं. चालत यायचं असलं तरी."

"टाच नसलेले बूट घेईन," इव्हेत म्हणाली.

स्वयंपाकघरातून तानियाने लग्नघरातला तो लांब, थरथरता किलकारीचा सूर काढला आणि बाकीच्या बायकांनी तो उचलून धरला. आपण मघापासून कान लावून ऐकत होतो, हे लपवायचा कोणी प्रयत्नही केला नाही.

संध्याकाळी मिनीबसमधून रबी आला. आपली गाडी बर्फाच्या ढिगात तोंड खुपसून बसलेली पाहून तो चांगलाच खवळला, कोणी हात लावला म्हणून विचारायला लागला. विदाद दारातून बाहेर आली आणि त्याच्याशी बोलली. काय बोलली ते जुमानाला ऐकू आलं नाही, पण तो लगेच फावडं मागायला आला आणि अंधार पडेपर्यंत उपसत राहिला.

त्यानंतर शुक्रीने चौकाच्या तोंडाशी लोखंडी साखळी लावून दिली आणि किल्ली विदादकडे दिली. दोन आठवडे साखळी होती. तिसऱ्या आठवड्यात ती बर्फाखाली गाडली गेली आणि मिल्हेमने बुलडोझरने ती खांबासकट उपटून नेली. शुक्री म्हणाला, डिझेल मिळालं की बघतो. नदीम मात्र आता शनिवारी फोन करतो आणि विचारतो, "खालती, उद्या गाड्या कुठे लावू?" विदाद सांगते, शाळेच्या पटांगणात लाव आणि चालत ये, पाय आहेत ना. तो त्याच्या लोकांना तसं सांगतो. निम्मे ऐकतात. उरलेले निम्मे चौकात येतात, आणि विदाद खिडकीतून त्यांच्या गाड्यांचे नंबर लिहून घेते, जरी ते द्यायचे कोणाला हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.

जुमानाचं लग्न ऑक्टोबरात झालं. पहिल्याच हिवाळ्यात वसीम आणि ती दोघं रविवारी वर आली, तेव्हा वसीम चौकात गाडी लावायला निघाला होता. विदादने त्याला फाटकातूनच परत पाठवलं.

"जावई असशील तुझ्या घरी," ती म्हणाली. "शाळेपाशी लाव. किश्क गरम ठेवते."